सरपण कापून-फोडून देण्याचा दर कसा ठरवावा

नोकरी किंवा शेती सांभाळून सुट्टीच्या दिवशी लोकांचं सरपण कापून देणारे बरेच जण दर ठरवताना दोनच गोष्टी बघतात: दुसरा किती घेतो आणि आपलं पेट्रोल किती जाईल. दुसऱ्याचा दर त्याच्या यंत्रावर (म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीवर), त्याच्या गाडीवर आणि त्याच्या हाताच्या वेगावर बसलेला असतो, तो आपल्याला लागू पडेलच असं नाही. पेट्रोल तर या कामातला लहान खर्च आहे. मोठा खर्च वेळेचा, आणि नेमका तोच कुणी पूर्ण मोजत नाही. म्हणून माझं सांगणं असं की आधी स्वतःचा वेळ घड्याळ लावून मोजा, त्यातून दर काढा आणि बाजारभाव सगळ्यात शेवटी बघा.

या लेखात रकमा कुठल्याही चलनात दिलेल्या नाहीत. तुमच्या एका तासाच्या मजुरीला १०० म्हणू आणि बाकीचे सगळे आकडे त्याच मापात मांडू. तुमची मजुरी जी असेल ती त्या १०० च्या जागी घालून हिशेब पुन्हा करता येईल.

आधी काम कोणतं ते पक्कं करा

गिऱ्हाईक "तेवढं सरपण तोडून द्या" म्हणतं, तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. ओंडके एका जागी आणून ठेवलेत आणि फक्त तुकडे करायचेत, की तुकडे फोडायचेही आहेत? फोडलेलं तिथेच टाकून यायचं, की शेडमध्ये थप्पी लावून द्यायची? फांद्या आणि भुसा कोण उचलणार? प्रत्येक प्रश्नामागे तास-दोन तासांचं काम लपलेलं असतं.

काही कामं सरपणाच्या दरात बसतच नाहीत. उभं झाड पाडणं, दुसऱ्या झाडावर अडकलेलं झाड सोडवणं, वादळात मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापणं, विजेच्या तारांजवळ करवत चालवणं ही ती कामं. उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा मातीसकट उचललेला गड्डा झटक्यात मागे जाऊन उभा राहू शकतो. वाकून ताणलेली फांदी चुकीच्या बाजूने कापली तर ती उसळून अंगावर येते. याचं शिक्षण नसेल तर दुप्पट पैसे मिळाले तरी ही कामं घेऊ नयेत, आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगावं. पुढचं सगळं जमिनीवर पडलेल्या, हाताळता येईल अशा लाकडाबद्दल आहे.

झाड तोडायला किंवा लाकूड वाहून न्यायला परवानगी लागत असेल तर ती मालकाने काढलेली असावी. काम सुरू करण्याआधी कागद बघायला मागा.

कोणतं माप धरायचं

मापावरून होणारे वाद पैशांवरून होणाऱ्या वादांइतकेच असतात, म्हणून हे नीट समजून घ्या. नीट रचलेल्या थप्पीच्या १ घनमीटरात फटी वजा जाता भरीव लाकूड साधारण ०.७ घनमीटरच असतं. तीच थप्पी मोडून लाकडं ट्रेलरमध्ये नुसती फेकली तर ती जवळपास १.४ घनमीटर जागा खातात. म्हणजे "घनमीटरला इतके" एवढंच ठरलं असेल तर ढीग मोजणारा आणि थप्पी मोजणारा यांच्या हिशेबात चाळीस टक्क्यांचा फरक पडतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. जिथे कॉर्ड हे माप चालतं तिथे पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ × ४ × ८ फूट, १२८ घनफूट, सुमारे ३.६ घनमीटर रचलेलं लाकूड. फक्त ४ × ८ फुटांचा दर्शनी भाग आणि खोली एका तुकड्याएवढी, अशा रचनेलाही काही जण कॉर्ड म्हणतात. तुकडा १६ इंची असेल तर ते खऱ्या कॉर्डच्या एक तृतीयांशच भरतं.

आणखी एक फरक. लांब ओंडक्यांची रास मोजली आणि मग त्याच लाकडाचे लहान तुकडे करून थप्पी लावली, तर थप्पी राशीपेक्षा लहान भरते, कारण लहान तुकडे एकमेकांत घट्ट बसतात. त्यामुळे मोजणी कापण्याआधीची की नंतरची, हे दराबरोबरच सांगून टाका. मी म्हणेन, कापून, फोडून, रचून झालेली थप्पी मोजा. लांबी, उंची, खोली दोघांसमोर टेपने घेता येते.

वजनावर दर लावू नका. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं १,००० किलो ओलं लाकूड वाळून त्यात २० टक्के पाणी उरलं की त्याचं वजन ६२५ किलोवर येतं. तुकडे तेवढेच, काप तेवढेच, तुमचे श्रम जवळपास तेवढेच, आणि वजनावरचे पैसे मात्र तीन अष्टमांशाने कमी.

घड्याळ लावून एक काम करा

एखादं मध्यम काम निवडा आणि घरातून निघाल्यापासून यंत्र साफ करून जागेवर ठेवेपर्यंतचा वेळ टिपत जा. फोनवर टायमर लावला तरी चालेल, कागदावर वेळ लिहिली तरी. फक्त संध्याकाळी आठवून लिहू नका. आठवणीत करवत चालल्याचा वेळ राहतो, बाकीचा निसटतो.

समजा ३ घनमीटरचं काम आहे. ओंडके २.४ मीटर लांब, तुकडे ४० सेंटिमीटरचे, फोडून थप्पी लावायची. टिपण साधारण असं दिसेल. येणं-जाणं ६० मिनिटं, सामान चढवणं-उतरवणं आणि जागा पाहणं ३०. ओंडके कापायला १२०, मध्ये पेट्रोल-तेल भरणं, कानस लावणं, साखळी ताणणं यात ३०. फोडायला १८०, थप्पीला ९०, भुसा आणि ढलप्या आवरायला ३०. पाणी पिणं, दम घेणं ३०. घरी येऊन करवत साफ करणं, एअर फिल्टर झटकणं, उद्यासाठी धार लावून ठेवणं ३०. बेरीज ६०० मिनिटं, म्हणजे १० तास.

यात करवत आणि कुऱ्हाड प्रत्यक्ष लाकडात असण्याचा वेळ ५ तास. उरलेले ५ तासही कामाचेच आहेत. त्यातला एकही मिनिट टाळता येत नाही, आणि दम घेण्याचा वेळ तर मुळीच टाळू नये. थकलेल्या हातातली करवत उलटा झटका देते तेव्हा सावरायला ताकद उरलेली नसते.

आता मजुरीच्या त्या १०० बद्दल. जोडधंदा आहे म्हणून आपला तास स्वस्त धरायची सवय अनेकांना असते. मला ते पटत नाही. हा तास तुमच्या विश्रांतीतून, घरच्यांच्या वाट्यातून जातो, आणि मुख्य कामाच्या तासापेक्षा त्यात धोका जास्त आहे. मुख्य कामाच्या तासाला जे मिळतं त्याच्या खाली उतरू नका. शक्य असेल तिथे थोडं वरच धरा.

खर्च: दिसणारा आणि झिजणारा

पेट्रोल दिसतं. त्यात मिसळायचं टू-स्ट्रोक तेल (पुष्कळ यंत्रांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली) दिसतं. साखळीवर सुटणारं बार ऑइल मात्र हिशेबातून गळतं. पेट्रोलची एक टाकी संपते तोवर बार ऑइलची टाकीही जवळपास संपत आलेली असते.

मग येते झीज. साखळी दर वेळी कानशीने थोडी थोडी संपते आणि दात खुणेपर्यंत घासले की बदलावी लागते. साधारण दोन साखळ्यांमागे स्प्रॉकेटही (साखळी फिरवणारं दातेरी चाक) जातं, आणि बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) उलटवत वापरला तरी कधीतरी तोही. खुद्द यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यातल्या तासांवर वाटायची. हेल्मेट, जाळी, कानांची संरक्षकं, बूट आणि करवतीची साखळी अडवणारं पायांवरचं संरक्षक कवच हेही खर्चात धरा. त्या कवचाला एकदा चालती साखळी लागली की आतले धागे ओढले जाऊन साखळी अडते, पाय वाचतो, पण ते कवच टाकून नवीन घ्यावं लागतं.

वरच्या १० तासांच्या कामासाठी समजा हे आकडे निघाले: पेट्रोल आणि तेलं ४०, साखळीची झीज २०, यंत्राची झीज १०, दुरुस्तीसाठी बाजूला १०, कुऱ्हाड-घण-पाचरी १०, संरक्षक साहित्य २०, गाडी ६०. एकूण १७०. गाडीच सगळ्यात महाग निघाली, हे लक्षात घ्या. पुढे त्याचा उपयोग आहे.

मजुरी १,००० आणि खर्च १७० मिळून १,१७०. यावर १५ टक्के चढवा. पाऊस येऊन बुडालेला दिवस, बघायला गेलो पण मिळालं नाही ते काम, गाठीच गाठी निघालेला ओंडका, हे सगळं त्या १५ टक्क्यांतून भरून निघतं. झाले साधारण १,३४५, म्हणजे घनमीटरला ४५० च्या आसपास.

फक्त कापण्या-फोडण्याचे ५ तास आणि पेट्रोल धरणारा हेच काम ५४० ला घेईल. त्याच्या हातून खर्चाचे १७० गेले की उरतात ३७०, आणि ते १० तासांवर वाटले की तासाला ३७.

दराचे दोन भाग करा

घनमीटरला ४५० हा आकडा काढून तिथेच थांबलात तर लहान कामं तुम्हाला खातील. कारण १० तासांतले काही तास लाकूड कितीही असलं तरी लागणारच: येणं-जाणं, सामानाची चढउतार, घरी यंत्राची साफसफाई. ते २ तास, म्हणजे २००. त्यात गाडीचे ६० मिळवा, २६० झाले. १५ टक्के चढवून धरा ३००.

उरले ८ तास आणि खर्चाचे ११०. ते ३ घनमीटरवर वाटले की घनमीटरला साधारण ३०३, आणि १५ टक्के चढवून ३५०.

म्हणजे तुमचा खरा दर असा: येण्याचे ३००, वर घनमीटरला ३५०. एक घनमीटरचं काम ६५० ला पडतं, तीनचं १,३५० ला, पाचचं २,०५० ला. पाच घनमीटरवाल्याला घनमीटर ४१० ला मिळतो, एकवाल्याला ६५० ला, आणि दोघांकडून तुमच्या तासाला सारखेच १०० सुटतात. एका घनमीटरचं काम ४५० ला घेतलं असतं तर २०० पदरचे घातले असते.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे. "थोडंसंच आहे हो, येऊन जा" म्हणणाऱ्याला नकार द्यावा लागत नाही. येण्याचे इतके, पुढे मापावर, एवढं सांगितलं की तो स्वतःच शेजाऱ्याला गाठून दोघांचं काम एकत्र लावतो. तसं झालं तर येण्याचे ३०० दोघांत वाटून द्या. लांबच्या गावासाठी फक्त हा पहिला भाग वाढवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

कशामुळे दर वाढवावा

सगळ्यात आधी तुकड्याची लांबी. २.४ मीटरच्या ओंडक्याचे ४० सेंटिमीटरचे सहा तुकडे करायला पाच काप लागतात. ३० चे आठ करायला सात काप. काप ४० टक्के वाढले, आणि फोडायचे-रचायचे तुकडे एक तृतीयांशाने वाढले. गिऱ्हाइकाला वाटतं दहा सेंटिमीटरने काय होतंय. त्याला हे पाच आणि सात ओंडक्यावर खडूने आखून दाखवा, लगेच पटतं.

जाडीचं गणित वेगळं आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या एका ओंडक्यात जेवढं लाकूड, तेवढंच २० सेंटिमीटरच्या चार ओंडक्यांत. करवतीला कापायचं क्षेत्रफळही तेवढंच. पण उचलणं, बसवणं, सरकवणं चौपट. म्हणून बारीक फांद्यांचा ढीग बघून काम सोपं समजू नका, घनमीटरमागे वेळ तिथेच जास्त जातो. दुसऱ्या टोकाला फार जाड बुंधाही महाग पडतो. ६० सेंटिमीटर व्यासाचा, ४० सेंटिमीटर लांबीचा एक ओला तुकडा १०० किलोच्या घरात जाऊ शकतो. तो एकट्याने फोडायच्या ठोकळ्यावर उचलायचा नसतो. जागेवरच पाचर मारून आधी दोन भाग करावे लागतात, किंवा दुसरा माणूस लागतो आणि त्याचीही मजुरी धरावी लागते.

मग लाकडाचा स्वभाव. सरळ रेषांचं लाकूड एका घावात उघडतं. फांद्यांच्या बेचक्यातलं, पिळाचं, गाठींचं लाकूड कुऱ्हाड धरून ठेवतं. ओंडक्याची साल बघा. सालीवरच्या रेघा गोल फिरत वर गेल्या असतील तर आतलं लाकूडही पिळाचं असण्याची शक्यता मोठी. अशा राशीला फोडण्याचा वेळ दीडपट धरा.

माती हा साखळीचा खरा शत्रू. चिखलातून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळू रुतलेली असते, आणि एका कापातही धार जाऊ शकते. करवतीतून पडतंय काय ते बघा. धार असेल तर लांबट, चुरचुरीत किसासारखे तुकडे पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला आणि करवत दाबावी लागली की धार गेली. मातीचे ओंडके असतील तर कानशीचा वेळ दुप्पट धरा, किंवा मालकाला आधी धुऊन, घासून ठेवायला सांगा.

कुंपणालगतच्या झाडांत खिळे आणि तारा असतात. कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर जवळपास लोखंड असू शकतं. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन तो रंग येतो. ओंडक्यात लोखंड लागून साखळी गेली तर नवीन साखळी मालकाकडे, हे काम घेतानाच सांगा. नंतर सांगितलं तर ती तक्रार वाटते.

तासावर, मापावर की उक्तं

काय निघेल याचा अंदाज येत नसेल तर तासावर घ्या. गाठाळ बुंधे, मातीचा ढीग, विखुरलेलं लाकूड असेल तर तासच बरा. अशा वेळी अंदाजे किती तास लागतील तेही सांगा आणि त्याच्या पुढे जायची वेळ आली तर विचारूनच पुढे जा. ओंडके स्वच्छ, एका जागी आणि सारख्या जाडीचे असतील तर मापावर घ्या, तुमचा वेग तुमच्या कामी येईल. उक्तं काम फक्त डोळ्यांनी पाहिलेल्या लाकडाचं घ्यावं. फोटोवरून सांगायची वेळ आलीच तर राशीशेजारी एखादी ठरावीक लांबीची काठी उभी करून फोटो मागवा, आणि पूर्ण राशीचा मागवा. समोरून भिंतीसारखी दिसणारी रास मागे किती खोल आहे ते फोटोत कळत नाही.

पैशांऐवजी लाकूड

"अर्धं लाकूड तुम्ही न्या" ही बोली ऐकायला गोड वाटते. हिशेब करा. तुमच्या वाट्याचं लाकूड कापायचं, फोडायचं तुम्हीच, वर वाहून न्यायचं, रचायचं, आणि विकण्याजोगं होईपर्यंत सहा महिने ते वर्ष, कठीण लाकूड असेल तर त्याहूनही जास्त, जागा अडवून ठेवायचं. वाळल्यावर त्याला जो भाव येईल त्यातून वाहतूक आणि दोनदा हाताळण्याची मजुरी वजा करा. उरलेली रक्कम तुमच्या दराइतकी भरत असेल तरच हो म्हणा. घरी स्वतःलाच सरपण लागत असेल तर गणित बरंच बदलतं, तेव्हा ही बोली चांगलीही ठरते. पण पेट्रोल आणि गाडीचे पैसे तरी रोख घ्या. ते तुम्हाला लाकडात फेडता येत नाहीत.

भाव सांगताना

आकडा सांगण्याआधी काम सांगा, आणि तेही लिहून. एक साधा मेसेज पुरतो: "३ घनमीटर, रचलेली थप्पी मोजून. तुकडे ४० सेंटिमीटर, फोडून, शेडमध्ये रचून. भुसा तिथेच गोळा करून ठेवणार, नेणार नाही. लोखंड लागून साखळी गेल्यास नवीन साखळी तुमच्याकडे. एकूण १,३५०, काम संपल्यावर त्याच दिवशी." काम मोठं असेल तर थोडा विसार घ्या, निदान पेट्रोल-तेलापुरता.

जास्त वाटतंय म्हणाले तर आकडा कमी करू नका, काम कमी करा. थप्पी तुम्ही लावा म्हणा. आपल्या उदाहरणात थप्पीचे दीड तास वाचले, म्हणजे १५ टक्के धरून १७० च्या आसपास कमी करता येतात, आणि तुमचा तास १०० लाच राहतो. नातेवाईक आणि शेजाऱ्यांना सूट द्यायची तर पूर्ण रक्कम लिहून त्याखाली सूट लिहा. नाहीतर सवलतीची रक्कमच तुमचा दर म्हणून गावभर होते.

आता बाजारभाव बघा. तुमचा दर त्याच्या खाली असेल तर वर आणायला जागा आहे. वर असेल तर आधी टिपण काढून वेळ कुठे जातो ते बघा. गाडी आणि येण्या-जाण्यात जात असेल तर एका दिशेची दोन कामं एका दिवशी लावा. फोडण्यात जात असेल तर भाड्याने हायड्रॉलिक स्प्लिटर (लाकूड दाबून फोडणारं यंत्र) घेऊन किती तास वाचतात ते एकदा मोजून बघा. त्याचं दिवसाचं भाडं वाचलेल्या मजुरीपेक्षा कमी असलं पाहिजे, आणि लहान कामात ते सहसा बसत नाही. सगळं करूनही बाजारभाव तुमच्या खर्चाखालीच राहत असेल तर ते काम दुसऱ्याला जाऊ द्या.

या कमाईवरचा कर आणि विमा, दोन्हींची चौकशी सुरुवातीलाच करा. घरगुती किंवा खाजगी गाडीचा विमा पैसे घेऊन केलेल्या कामाला लागू होतो का, हे विमा कंपनीलाच विचारा. विम्याचा वेगळा हप्ता भरावा लागला तर तोही वर्षातल्या कामांवर वाटून खर्चात धरायचा.

पुढच्या प्रत्येक कामाचा अंदाजी वेळ आणि खरा वेळ शेजारी शेजारी लिहीत चला. एकाच जातीच्या कामात खरा वेळ सारखा जास्त निघत असेल तर त्या जातीचा दर वाढवा, सगळ्यांचा नको. जुन्या गिऱ्हाइकांना वाढ सांगायची ती सरपण कापायचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. लाकूड वाळायला महिने लागतात, म्हणून शहाणा माणूस जाळायच्या बराच आधी ते कापून घेतो, आणि त्याला ठरवायला वेळही तेव्हाच असतो.